मेस्त म्हणाला, अर्थ गेलो

दशमी होती, म्हणजे भरती साडेसातची. हे गणित बाबांचं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. दहाची पाऊणपट साडेसात. घड्याळाच्या काट्यावर ते बसत नाही, आमच्या शापोरा नदीच्या मुखाशी थोडं मागेपुढे होतं, पण होडी घालायला तेवढं पुरतं. मी मोबाईलवर मिनिटागणिक वेळा बघतो. बाबा भिंतीवरची तिथी बघतात आणि बहुधा आमचं एकच उत्तर येतं, त्यामुळे दोघांनाही आपापली पद्धत सोडावीशी वाटत नाही.

चवथ उलटून आठवडाही झाला नव्हता. आमचा गणपती दीड दिवसांचा. पाऊस अधूनमधून सर टाकून जात होता, नदी अजून गढूळ होती. होडी मात्र जूनपासून मांगराच्या छपराखाली पालथी पडलेली, आणि हात शिवशिवत होते. गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या ओबीएमवाल्या छोट्या होड्यांना त्या काळातही मुभा आहे, पण आमचं इंजिन चाळीसचं, आणि आम्ही मासेमार तरी कसले? बाबा निवृत्त मास्तर, मी म्हापशाला हिशेब लिहिणारा. रविवारी चोपड्याच्या बाजूने होडी काढायची, गरी टाकायची, एखादा तांबसा लागलाच तर आठवडाभर गावाला सांगत फिरायचं, एवढाच आमचा दर्यावर्दीपणा.

ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन. वर टोपीखाली यंत्र, खाली पाण्यात लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. पूर्वी आमच्याकडे आठ अश्वशक्तीचं होतं, ते बाबा हाताने उचलत. मागे वाकायचे, टोपीच्या मागची खाच उजव्या हातात धरायचे, आणि एका हिसक्यात पाय पाण्याबाहेर. चाळीसचं इंजिन शंभर किलोच्या आसपास जातं, त्याला हिसका चालत नाही. म्हणून त्याला टिल्ट असतो. गिअरच्या दांड्यावर अंगठ्याखाली एक बटन. वर दाबलं की घुंऽऽ असा आवाज करत इंजिन मागे कलतं आणि पाय पाण्याबाहेर येतो, खाली दाबलं की परत पाण्यात. मी आणि चुलतभावाने हे इंजिन जुनंच विकत घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या बटनासाठीच घेतलं.

शापोऱ्याच्या मुखाशी मोरजीच्या तेंबाकडे वाळूची एक पट्टी आहे. ती दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षी जिथून बिनधास्त गेलो तिथे यंदा गुडघाभर पाणी असू शकतं. त्यात विशेष काही नाही. आमची होडी फायबरची, रिकामी असली तर वीतभर-दीड वीत पाण्यावरही तरंगते. अडचण असते ती पायाची. इंजिन खाली असेल तर होडीच्या तळाखाली आणखी हातभर पाणी लागतं. म्हणून पट्टीजवळ आलं की वेग कमी करायचा, इंजिन अर्धं उचलायचं, आणि सावकाश घसरत पलीकडे जायचं.

सव्वाबाराला परत फिरलो. ओहोटी चांगलीच लागली होती. पट्टी जवळ आली, मी अंगठा वर दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग जोरात दाबला, जसा लिफ्टच्या बटनाला लोक दाबतात, त्याने लिफ्ट लवकर येते अशा समजुतीने. तोवर खालून खर्रर्र असा आवाज आला, पंख्याने वाळू उडवली, मी घाईने इंजिन बंद केलं आणि पंख्याखालचं ते छोटं पातं वाळूत नांगरासारखं रुतून बसलं. होडी तरंगत होती, इंजिन रुतलं होतं. पुढे ढकलली की मागून ओढून धरल्यासारखी थांबायची.

वीसेक वेळा बटन दाबून झाल्यावर बाबांनी विचारलं, "दाबल्यावर आवाज काय येतो?"

मला सांगता आलं नाही.

वीस वेळा दाबलं होतं. माझ्या अंगठ्याखाली ते बटन होतं, माझ्यापासून तीन फुटांवर ते इंजिन होतं, आणि आवाज येतो की येत नाही, आला तर कसला, हे मी ऐकलंच नव्हतं. मी फक्त इंजिन वर येतंय का ते बघत होतो. बाबा रागावले की पुस्तकी मराठीत बोलतात. एरवी घरात आमची पेडण्याचीच बोली. "उत्तर बरोबर आले की नाही एवढेच पाहण्याची तुझी सवय जुनी आहे," ते म्हणाले. "मधल्या पायऱ्या तू कधीच लिहिल्या नाहीस."

अशा इंजिनाला हाताने उचलायची सोय असते. मागच्या कंसाला एका बाजूला छोटं भोक असतं, आत चपट्या खाचेचा जाड स्क्रू. तो दोन-तीन वेढे सैल केला की आतलं तेल अडवणारी वाट मोकळी होते आणि इंजिन हाताने उचलता येतं. हे मला ठाऊक होतं. होडीत मोठा स्क्रू ड्रायव्हर नव्हता. मासे चिरायची सुरी घातली, तिचं टोक वाकलं. खाचेत मीठ गच्च बसलं होतं. मग मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातांनी पात्याभोवतीची वाळू उकरायला लागलो, आणि मी मूठभर काढावी तर नदीने दोन मुठी परत भराव्यात असा तो खेळ चालला.

दशमीची भरती साडेसातची म्हणजे ओहोटी पावणेदोनच्या सुमाराला. आम्ही रुतलो सव्वाबाराला. जितका वेळ पाणी उतरायला, तितकाच पुन्हा चढायला, म्हणजे सुटका सव्वातीनला. बाबांनी हे मनात केलं, छत्री उघडली आणि बसले. थोड्या वेळाने पट्टी पूर्ण उघडी पडली, होडी एका कुशीवर कलली. तिसऱ्यो काढायला आलेल्या बायका टोपल्या घेऊन जवळून गेल्या. त्यातल्या एकीने बाबांना ओळखलं. "मास्तर, आज शाळा हांगा भरल्या?" बाकीच्या खूप हसल्या. बाबाही हसले.

वेळ काढायला मी बाबांना ओले एव्हिनरूडची गोष्ट सांगितली. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिनला वाढलेला यंत्रवाला. 1906च्या उन्हाळ्यात एका तळ्याकाठी सहलीला गेला होता, बरोबर त्याची बेसी. तिला आईस्क्रीम हवं झालं. हा वल्ही मारत तळ्यापलीकडे गेला, आईस्क्रीम घेतलं, वल्ही मारत परत येईतो ते वितळलं. त्या चिडीतून त्याने होडीला अडकवायचं इंजिन केलं अशी गोष्ट सांगतात. कल्पना त्याच्या आधीही इतरांनी लढवली होती, पण 1909मध्ये त्याने मिलवॉकीला विकायला काढलेलं इंजिन लोकांनी खरोखर उचललं. दीड अश्वशक्तीचं, वजन अठ्ठावीस किलो. बाबांनी गोष्ट नीट ऐकून घेतली.

"अठ्ठावीस किलो," ते म्हणाले. "ते हाताने उचलता आलं असतं."

सव्वातीनला नाही, साडेतीनला सुटलो.

•

मांगरात इंजिन टांगल्यावर पहिली चूक मी केली नाही, कारण ती करायला बाबांनी दिली नाही. मी दुकानात फोन करणार होतो. खरं तर केलाच. पलीकडच्या माणसाने मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला: टिल्टचा अख्खा संच बदला, आत पंप, मोटर, दांडा सगळं येतं. किंमत ऐकून मी गप्प झालो. बाबा शेजारीच होते. "त्याने काही ऐकले का?" त्यांनी विचारलं. नाही. "मग त्याला कसे कळले?"

मग ते म्हणाले, "डॉक्टरने माझा हात कसा तपासला आठवतं?"

मला आठवत होतं. गेल्या वर्षी बाबांचा उजवा खांदा आखडला. मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं म्हणतात, बाबांना तो आहेच. हळूहळू भांग पाडता येईना, शर्ट मागून खोचता येईना, रात्री कूस बदलली की कळ यायची. म्हापशाच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं, हात वर करा. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. मग ते म्हणाले, आता तुम्ही काही करू नका, हात सैल सोडा, मी उचलतो. त्यांनी उचलला. तोही तिथेच थांबला. मी बघत होतो, मला वाटलं होतं की एकच गोष्ट ते दोनदा का करताहेत. नंतर त्यांनी समजावलं. स्वतःहून जात नाही पण दुसऱ्याने उचलला की जातो, तर सांधा मोकळा आहे आणि ओढणारा स्नायू किंवा त्याची दोरी गेली. दुसऱ्याने उचलूनही जात नाही, तर सांधाच आवळलाय. दोन्हींत माणूस सांगताना एवढंच सांगतो की हात वर जात नाही. उपाय मात्र वेगळे. बाबांचा दुसरा प्रकार. वर्ष-दोन वर्षं, कधी तीनही, घेतो आणि सोडतो.

म्हणून आम्ही इंजिनाचा हात उचलून बघितला. खाचेतलं मीठ खिळ्याने कोरून काढलं, मोठा स्क्रू ड्रायव्हर लावला, त्याच्या मुठीवर लाकडाने दोन ठोके दिले आणि स्क्रू फिरला. तीन वेढे. चुलतभाऊ आणि मी दोघांनी मिळून टोपीखाली हात घातले आणि उचललं. जड होतं, पण गेलं, सबंध वर, कुठेही न अडता. वर आल्यावर आधाराचा खटका लावला. म्हणजे बिजागर मोकळं होतं. खारं पाणी कंसाच्या आतल्या नळीत शिरून ती गंजून आवळते तेव्हा ओबीएमवाले खरे रडकुंडीला येतात, तो आमचा रोग नव्हता. आमचा खांदा ठीक, ओढणारा गेला होता. मी स्क्रू परत फिरवला.

आता आवाज. संध्याकाळ झाली होती, मांगराबाहेर बेडूक ओरडत होते, बाबांनी चुलतभावाला बोलणं बंद करायला सांगितलं आणि मी बटन दाबलं.

टक.

एवढंच. टोपीच्या आतून, करंगळीच्या नखाने पत्र्यावर टिचकी मारावी तसं. खाली दाबलं, पुन्हा टक. होडीत ते इंजिनाच्या घरघरीत ऐकू येणं अवघडच होतं, असं मी स्वतःचं समाधान करून घेतलं. पण इंजिन बंद केल्यानंतरही मी दहा-पंधरा वेळा दाबलं होतं.

त्या एका टकमध्ये बरंच काही होतं. बटन स्वतः मोटर चालवत नाही. मोटरला वीसतीस अँपिअरच्या घरातली वीज लागते, ती अंगठ्याखालच्या नाजूक बटनातून नेली तर बटन जळेल. म्हणून बटन रिलेला सांगतं, आणि रिले मोठ्या विजेची वाट उघडतो. वर जायला एक रिले, खाली यायला दुसरा. टक आला म्हणजे बॅटरीत जीव आहे, फ्यूज शाबूत आहे, बटन बोलतंय, रिलेने ऐकलंय. काहीच आवाज नसता तर बटन, फ्यूज आणि त्यांच्यामधल्या तारा बघायच्या. टक होऊन पुढे घुंऽऽ असता आणि तरी इंजिन हललं नसतं, तर वीज पोचली, मोटर फिरली, गडबड तेलात: तेल कमी, हवा भरली, किंवा तो हाताचा स्क्रू उघडा. आमचं मधलंच. निरोप पोचला होता, काम होत नव्हतं.

इथपर्यंत मी बरोबर होतो. रात्री उत्साहात दोन्ही रिलेंची अदलाबदल करून बघितली, फरक नाही. मग मल्टिमीटर काढला. टिल्टच्या मोटरकडे दोनच तारा जातात, एक निळी, एक हिरवी. मोटर त्याच दोन तारांवर उलटसुलट फिरते: वर जायचं तर निळीला वीज आणि हिरवी जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाला, खाली यायचं तर उलट. मी मोटरचा प्लग सोडला, दोन्ही तारांना मीटरच्या काड्या लावल्या, चुलतभावाने बटन दाबलं. 12.4. खाली दाबलं, उणे 12.4. मी वहीत लिहिलं: वीज मोटरपर्यंत येते. म्हणून मोटर गेली. खाली दोन रेघा मारल्या.

मोटरची किंमत विचारायला पुन्हा फोन करणार होतो, तेवढ्यात मेस्ताचा फोन आला.

मेस्त शापोऱ्याच्या जेटीवर ट्रॉलरांची इंजिनं करतो. चौथीपर्यंत बाबांच्या हाताखाली होता. बाबांच्या मते गणितात कच्चा, पण अक्षर सुरेख. तिसऱ्यो काढणाऱ्या बायकांकडून त्याला आमची कहाणी पोचली होती. "बटन दामल्यार आवाज खंयचो येता?" हा त्याचाही पहिला प्रश्न. या वेळी मला उत्तर येत होतं. मीटरचा आकडाही मी अभिमानाने सांगितला. तो जरा थांबला आणि म्हणाला, सांजेर येतां.

•

आला तेव्हा त्याच्या हातात स्कूटरच्या हेडलाइटचा जुना बल्ब होता, दोन वायरी डाग देऊन चिकटवलेल्या. बाकी हत्यारं पिशवीत, पण हा हातात. त्याने मीटरकडे बघितलंही नाही. मी जिथे काड्या लावल्या होत्या त्याच दोन तारांना त्याने बल्बच्या वायरी लावल्या. "दाम."

मी दाबलं. टक. बल्बच्या आतली तार विडीच्या टोकाएवढी तांबूस झाली आणि तशीच राहिली. मांगरातला अंधार तसाच. बॅटरीला थेट लावला तेव्हा याच बल्बने आमच्या तिघांच्या सावल्या भिंतीवर फेकल्या होत्या.

"पण मीटर तर 12.4 दाखवतोय," मी म्हणालो.

"मीटर फटी मारिना. तुवें विचारलें तितलेंच सांगता."

मीटर खोटं बोलत नव्हता, पण त्याला चालायला वीज जवळजवळ लागतच नाही. शंभर धाग्यांमधला एक धागा उरला असला, नव्हे नुसती ओली बुरशी धरून असली, तरी तेवढ्यातून त्याला दाब जाणवतो आणि तो खुशाल बारा दाखवतो. बल्ब वीज खातो. त्याला द्यायची वेळ आली की कुजलेली वाट आक्रसते. नळाचं तसंच आहे. तोंडावर बोट दाबून धरलं की लोखंडी पाइपात चिंचोका अडकलाय की नाही कळत नाही, बोटाला जोर तोच लागतो. बोट काढलं, कळशी लावली, की समजतं. मी बोट लावून नळाला पाणी आहे असं वहीत लिहिलं होतं, शिवाय दोन रेघा.

मेस्ताने बॅटरीपासून दोन जाड वायरी थेट मोटरच्या प्लगला लावल्या. घुंऽऽ. इंजिन खटक्यावरून वर उचललं गेलं. मोटर ठणठणीत होती. ती विकत घेऊन बसवली असती तर पुन्हा टकच ऐकलं असतं.

आता मोटर परत जोडून त्याने माझा मीटर मागितला, आणि हे मी कधी विसरणार नाही. एक काडी त्याने बॅटरीच्या उणे टोकाला धरली, दुसरी रिलेच्या जाड काळ्या तारेला. ही काळी तार इंजिनाच्या अंगाला, आणि इंजिनाचं अंग बॅटरीच्या उणे टोकाला. दोन्ही टोकं एकच असायला हवीत, त्यांच्यात काही नसायला हवं. बटन न दाबता: शून्य. "आतां दाम." दाबलं. 11.6.

मी सगळीकडे वीज कुठे नाही ते शोधत होतो. इथे नको तिथे ती होती. बॅटरीचा सगळा जोर मोटरमध्ये खर्च होण्याऐवजी त्या काळ्या तारेच्या वाटेत खर्च होत होता. आणि वर-खाली दोन्ही एकाच दिवशी का गेलं, हेही आता उघड होतं. दोन रिले एकदम मरत नाहीत. दोघांच्या वाट्याला जे एकच असतं ते मरतं. टक मात्र शाबूत, कारण रिलेच्या गुंडाळीची जमीन वेगळ्या बारीक तारेने दुसरीकडे जात होती. आणि इंजिन सुरू व्हायला काही अडचण नव्हती, कारण स्टार्टरच्या केबली त्याच्या स्वतःच्या.

मेस्त उठला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, "अर्थ गेलो."

अर्थ म्हणजे विजेची ती जमीन. इलेक्ट्रिशियन लोकांची ही रोजची भाषा, अर्थची वायर, अर्थ लागला, अर्थ तुटला. पण बाबांनी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे. ते दारात खुर्ची टाकून बसले होते, इतका वेळ गप्प. आता इतके हसले की डाव्या हाताने उजवा खांदा धरावा लागला. "अर्थ गेला?" ते म्हणाले. "म्हणजे शब्द तेवढे उरले. टक, टक."

मेस्ताला विनोद कळला की नाही कोण जाणे. तो टॉर्च तोंडात धरून इंजिनाच्या पाठीमागे शिरला होता.

तिथे, हात जाईल न जाईल अशा जागी, एका बोल्टखाली त्या तारेचा गोल डोळा दाबलेला होता. वरून बघितलं तर सगळं जागेवर. बोल्ट घट्ट, तार अखंड, काळं आवरण चकचकीत. त्याने पाना लावला, बोल्ट कुरकुरत सुटला. डोळ्याखाली पांढरी पूड, मिठासारखी पण मीठ नाही, इंजिनाच्या ॲल्युमिनियमचीच. डोळ्याच्या कडेला हिरवं. मग त्याने ब्लेडने तारेचं आवरण चिरलं. आत जिथे लाल तांबं दिसायचं तिथे काळं, बोटभर लांब, चुरगाळलं तर भुगा होणारं. मिठाला दमट हवा ओढून घ्यायची सवय असते. आमच्या मांगरात तीन महिने दमट हवेशिवाय दुसरं काही नव्हतं. त्या ओलाव्याने तारेच्या बारीक धाग्यांमधून आत-आत वाट काढली.

दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच, आणि तिच्यात एक धातू झिजतोच. म्हणून तर ओबीएमच्या पायाला झिंकचा तुकडा लावतात, तो आधी झिजावा आणि बाकीचं वाचावं यासाठी. हम्फ्री डेव्हीने 1824मध्ये ब्रिटिश आरमारासाठी हेच केलं होतं, जहाजांच्या तळाच्या तांब्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे लावून. तांबं वाचलं. पण झिजणारं तांबं पाण्यात विष सोडतं म्हणून शिंपले चिकटत नव्हते, ते आता बिनधोक चिकटू लागले आणि जहाजं मंदावली. डेव्हीची यात चूक काय, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या त्या बोल्टला मात्र कुणी झिंक लावलं नव्हतं. लावता येतही नाही, तिथे ग्रीस लावतात. आम्ही तेही लावलं नव्हतं.

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. काळं तांबं संपून लाल लागेपर्यंत तार कापली, कल्हईचा नवा डोळा, म्हणजे लग, दाबून बसवला, वर हीट-श्रिंकची नळी चढवून लायटरने आवळली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. ग्रीस. बोल्ट. बटन दाबलं. टक, आणि त्याला लागूनच घुंऽऽ, इतकं लागून की टक वेगळा ऐकायला कान द्यावा लागला.

इंजिन सगळं वर असताना मेस्ताने तेलाचं बुच सावकाश उघडून तेलही बघितलं. तेल बघायचं ते असं वर असतानाच. दांडा बाहेर आलेला असतो, आत दाब नसतो. खाली असताना उघडलं तर तेल तोंडावर उडतं. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलं समजायचं. आमचं लाल, स्वच्छ, काठापर्यंत. पैसे घेईना. बाबांनी आतून नारळ आणि निवऱ्या आणून दिल्या, त्या घेतल्या. जाताना त्या हिरव्या-काळ्या तारेचा तुकडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांगरात गेलो तर इंजिन खाली आलेलं होतं. रात्री वर ठेवलं होतं, आधाराचा खटका लावला नव्हता, टिल्टवर विश्वास म्हणून. ते रात्रभरात सावकाश घसरत पार खाली येऊन बसलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. वर जातं पण टिकत नाही, म्हणजे आतली सीलं गेली, म्हणजे पंप, म्हणजे अख्खा संच. दुकानातला तो माणूस बरोबर होता तर. मी मेस्ताला फोन लावला.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो हाताचो स्क्रू सोडटना कितले वेडे सोडिल्ले?"

"तीन."

"आनी बंद करतना?"

मी फोन कानाला तसाच धरून स्क्रू ड्रायव्हर शोधला. त्या भोकात घातला, फिरवला. एक पूर्ण वेढा सहज फिरला आणि मग घट्ट बसला. फोनमध्ये मेस्त हसत होता, आणि दारात चहाचा कप डाव्या हातात घेऊन बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आणि मी त्याला गणितात कच्चा म्हणायचो," बाबा म्हणाले.